छातीतले पाणी आणि सुईने काढलेला तुकडा

जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून कुणी धाप लागते, कूस दुखते म्हणून आला आणि त्याच्या छातीत पाणी सापडले, की प्रथम आठवतो तो क्षय. बहुतेक वेळा तो असतोही. पण औषधे चालू असून पाणी पुन्हा पुन्हा भरू लागले, तर एक प्रश्न राहून गेला की काय, हे पाहावे लागते : बाबा, तरुणपणी कामाला कुठे होतात?

भात झोडून झाले की पोटासाठी खाली उतरणे ही या डोंगराची जुनी रीत. त्यातला कुणी मुलुंडच्या पत्र्यांच्या कारखान्यात वा दारूखान्यात जहाजे तोडायला गेला असेल, तर अॅस्बेस्टॉसची धूळ त्याच्या छातीत शिरलेली असू शकते. तिच्यामुळे होणारा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, बहुधा तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. १९६० साली वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील असे ३३ रोगी नोंदविले. त्यांतले काही तर खाणीत कधी उतरलेच नव्हते, नुसते आसपास राहिले होते.

मग निदान कसे करावे? पाणी काढून त्यातील पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण इथेच फसगत होते. क्षयाने सुजलेल्या आवरणाच्या निरुपद्रवी पेशीही कर्करोगाचे सोंग घेतात, आणि खऱ्या कर्करोगाच्या पेशी कधी अगदी सभ्य दिसतात! पेशी खालच्या चरबीत घुसल्या आहेत का, हे पाण्यावरून कळत नाही. त्याला आवरणाचा तुकडाच हवा. १९५८ साली अॅब्रम्सने बाजूला खाच असलेली सुई काढली. तिच्या खाचेत आवरण अडकवून कापून घेतात. मात्र हे काम अंदाजाने चालते. २००३ साली इंग्लंडात पडताळा घेतला, तेव्हा आवरणाच्या कर्करोगांपैकी शेकडा ४७ या सुईला सापडले. सीटी स्कॅनवर जागा पाहून सुई घातली तेव्हा ८७.

तेवढ्यासाठी मोखाड्याच्या म्हाताऱ्याला नाशिक-मुंबईची वाट धरायला लावावी का? नाव कळल्याने आयुष्य फारसे वाढत नाही, हे आम्ही लपवीत नाही. पण क्षयाची नको ती औषधे थांबतात. आणि कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात हा रोग नावानिशी घातलेला आहे. अॅस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांतील जी मुदत उशिरा संपेल तोवर जपावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बजावले. मालकाकडची ती नोंद मागायची, तर आमच्या केसपेपरवर 'धंदा : मजुरी' एवढेच असून भागत नाही. कुठली मजुरी, कुठल्या कारखान्यात, कोणत्या साली, हे त्याच्या तोंडून विचारून खाली लिहावे लागते.