चाकाला खाच हवी

पिंपळनेरहून आम्ही बोलतोय. आमच्या गटांनी स्वतःचा बिल्ला करायचं मनावर घेतलंय. बैठकीत एकीनं विचारलं, "डोळ्यांच्या शिबिराच्या फलकावर, पोलिओच्या बॅनरवर ते दातेरी चाक असतं, ते सरकारचं का हो?" नाही. ते रोटरी क्लबचं. त्या चाकाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

२३ फेब्रुवारी १९०५ ला अमेरिकेत शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचे वकील आणि त्यांचे तीन सोबती एकत्र बसले. बैठक पाळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत भरायची, म्हणून नाव रोटरी, म्हणजे फिरती. आपली बैठक नाही का, आज हिच्या ओसरीवर, पुढच्या वेळी तिच्या!

त्यांच्यात मॉन्टेग्यू बेअर हे कोरीव काम करणारे होते. त्यांनी साधं गाडीचं चाक काढलं. लोक म्हणाले, हे तर नुसतं उभंय. मग त्यांनी खाली ढग काढले. ते दिसले धुळीसारखे, आणि लगेच कुणीतरी म्हणालं, धूळ चाकाच्या पुढेही उडते होय? बैलगाडीत बसलेल्या कुठल्याही बाईनं हेच विचारलं असतं. शेवटी ढगांवर नावाची पट्टी टाकून वाद मिटवला.

पुढे गाडीच्या चाकाचं यंत्राचं चाक झालं. चोवीस दाते, सहा आरे. तरी इंजिनियर मंडळींनी खोट काढलीच : मधल्या भोकाला खाच नाही. पिठाच्या गिरणीची पुली खोलताना पाहिली असेल तर कळेल. पुलीला खाच, दांड्यालाही खाच, आणि दोन्हींत मिळून चावी बसवलेली. ती नसेल तर दांडा आपला फिरतो आणि पुली जागच्या जागी. म्हणून चाकात खाच काढली. आजही बिल्ल्यावर बारकाईनं पाहा, दिसेल.

पण या चाकात बाईला जागा नव्हती. १९२४ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग यांनी रोटरीवाल्यांच्या बायकांचा वेगळा क्लब काढला, इनर व्हील. त्यांचा बिल्ला म्हणजे मोठ्या चाकात छोटं चाक. काम त्यांनी पुष्कळ केलं, आजही करतात. पण तेव्हा आत यावं लागायचं ते नवऱ्याच्या नात्यानं, ही गोष्ट आम्हाला खटकते.

मग कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे नावाच्या गावी १९७७ मध्ये क्लबात माणसं कमी पडली, म्हणून त्यांनी तीन बायकांना सभासद केलं. वरच्यांनी १९७८ मध्ये क्लबच काढून टाकला. त्या लोकांनी काय करावं? बिल्ल्यावरच्या चाकावर फुली मारली, स्वतःला 'माजी रोटरी क्लब' म्हणवलं आणि बैठका चालूच ठेवल्या. कोर्टात गेले. ४ मे १९८७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्याच क्लबच्या अध्यक्ष झाल्या सिल्व्हिया व्हिटलॉक, शाळेच्या मुख्याध्यापिका. १९८९ ला सगळ्या जगासाठी नियम बदलला. २०२२ मध्ये कॅनडाच्या जेनिफर जोन्स साऱ्या रोटरीच्या अध्यक्ष झाल्या. हिशेब करा, १९०५ ते २०२२.

आता आमच्या बिल्ल्याचं. कुणी जातं म्हणते, कुणी बाजरीचं कणीस. चित्र कुठलंही चालेल. वाद वेगळाच आहे. काही जणी म्हणतात, बिल्ला अध्यक्ष-सचिवांनाच द्या; ऊसतोडीला जाणाऱ्यांचे हप्ते चुकतात, त्यांना कशाला? आम्हाला हे पटत नाही. सहा-सहा महिने बाहेर राहून, परत आल्यावर मागचे हप्ते फेडणाऱ्या बायका आहेत आपल्यात. हे आधी ठरू दे, चित्र मग काढू. आणि ते ठरवायची बैठक त्या गावी परतल्यावरच ठेवायची, त्या तांड्यावर असताना नाही.