घाटमाथ्यावरचे पाणी : पूर्वेचे की पश्चिमेचे?

उजनी धरणात ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, उरलेला ६३.६६ टीएमसी मृतसाठा. वर्तमानपत्रात छापून येणारे टक्के फक्त उपयुक्त साठ्याचे असतात, म्हणून शून्य झाल्यावरही धरण कोरडे पडत नाही, आकडा उण्यात जातो. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे ६० टक्क्यांच्या घरात होता. म्हणजे मृतसाठ्यातलेही सुमारे ३२ टीएमसी पाणी कमी झाले होते. नावाने मृत असलेल्या या पाण्यावर सोलापूर जिल्हा जगतो. साठा खालावण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत: लहरी पाऊस, ऊस, वाढती शहरे आणि उथळ, पसरट जलाशयावरून होणारे बाष्पीभवन. पाणी कुणाचे या वादाचे मूळ मात्र वर, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे.

माथ्यावरचा पाऊस नैसर्गिक उताराने पूर्वेला कृष्णा–भीमेत जातो. तोच बोगद्यातून पश्चिमेला वळवला तर कोकणच्या तळापर्यंतची उभी उतरण मिळते. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही वीजकेंद्रे आणि पुढे कोयना प्रकल्प याच तत्त्वावर उभे राहिले. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा मुळशी सत्याग्रह झाला तो बुडणाऱ्या जमिनींसाठी. पाणी कोणत्या खोऱ्यात जाणार, हा तेव्हा वादाचा विषय नव्हता.

कोयनेचा हिशेब जरा तपशिलात पाहण्यासारखा आहे. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. १ जून ते ३१ मे या तांत्रिक वर्षात हा कोटा पुरवून वापरावा लागतो. पोफळीच्या वीजकेंद्राकडे पाणी सुमारे ४७५ मीटर खाली कोसळते. तिथे एका टीएमसीतून साधारण सव्वातीन कोटी युनिट वीज मिळते. तेच पाणी कोळकेवाडीला अडवून अलोऱ्याला पुन्हा वापरले जाते, आणि मग अवजल म्हणून वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. एवढेच पाणी पूर्वेला सोडताना पायथा विद्युतगृहातून काढले, तर जेमतेम अर्धा कोटी युनिट. शिवाय पूर्वेच्या पाण्याला पुढे वीज लागते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात, तेव्हा ते आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या शिवारात पोचते. विजेच्या खतावणीत हा व्यवहार दोन्हीकडून तोट्याचा दिसतो. पण जतच्या शेतकऱ्याला पर्यायी पाणी नाही, आणि विजेला पर्याय आहेत; हिशेबाचा हा रकाना युनिटांत भरता येत नाही. २०२३ साली पाऊस कमी झाला, तेव्हा सांगलीकडून सिंचनासाठी पाणी सोडण्याची मागणी वाढली आणि वीजनिर्मितीला किती पाणी ठेवायचे, यावरून वाद पेटला.

आता सौर वीज स्वस्त झाली, मग पाणी पश्चिमेला का घालवायचे, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. सूर्य मावळतो नेमका तेव्हा विजेची मागणी चढलेली असते, आणि काही मिनिटांत संच सुरू करून ती भागवणे जलविद्युत केंद्राला जमते. औष्णिक केंद्राला ते जमत नाही. कोयनेच्या १,९६० मेगावॉटचे मोल एकूण युनिटांपेक्षा या तत्परतेत अधिक आहे.

यावर उदंचन योजनांचा तोडगा पुढे येतो. अकोले तालुक्यातल्या घाटघरला प्रवरेचे पाणी दिवसा मागणीच्या वेळी शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याच्या खालच्या धरणात सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज काढतात आणि मागणी ओसरली की पंपाने परत वर चढवतात. चार युनिट घालून साधारण तीनच परत मिळतात, पण पाणी खोऱ्यातच राहते. टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३मध्ये शिरवटा (१,८०० मेगावॉट) आणि भिवपुरी (१,००० मेगावॉट) येथील अशा प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला.

म्हणून टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळवलेले भीमेचे पाणी भीमेला परत मिळेल, असे मानणे घाईचे ठरेल. पहिल्या भरणीला पाणी लागते, बाष्पीभवनाची तूटही दरवर्षी भरून काढावी लागते. त्याहून मोठी अडचण घाटाखाली आहे. भिवपुरीचे अवजल उल्हास नदीत येते आणि बदलापूरपासून कल्याण–डोंबिवलीपर्यंतची शहरे उन्हाळ्यात त्यावरच अवलंबून असतात. भिऱ्याच्या अवजलावर कुंडलिकेकाठचे कारखाने आणि शेती चालते. पश्चिमेला गेलेले पाणी समुद्रात वाया जाते, हे विधान कोयनेच्या बहुतांश अवजलाला लागू पडते, टाटांच्या धरणांना नाही. तिथली वीज उद्या पूर्ण सौर झाली, तरी उल्हासकाठच्या नळांना दुसरे पाणी मिळेपर्यंत बोगद्यांची दारे बंद करता येणार नाहीत.