आधी त्याच्याशी, मग त्याच्याविषयी



ख्रिस्ती माणसे दुसरा गाल पुढे करतात, म्हणजे त्यांच्यात भांडणे होत नसणार, असा एक समज आहे. तो ज्यांचा असेल त्यांनी चर्चच्या वार्षिक सभेला एकदा येऊन बसावे! बायबलनेही ही भांडणे झाकून ठेवलेली नाहीत.

यरुशलेमच्या पहिल्याच ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर झाली. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, अशी तक्रार होती. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना प्रेमावर प्रवचन दिले नाही. त्यांनी मंडळीला सात कारभारी निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प, नीकानोर... सातही नावे ग्रीक आहेत. तक्रार ज्या बाजूची होती, त्याच बाजूच्या माणसांकडे बहुधा वाटप सोपवले गेले.

एकत्र धर्मप्रसाराला फिरणाऱ्या पौल आणि बर्णबा यांचे तर चक्क फाटले. योहान मार्क एका दौऱ्यातून अर्ध्यावर परतला होता. त्याला पुन्हा बरोबर घ्यायचे की नाही, यावरून. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला, पौलाने सीलाला बरोबर घेतले. काम दोन्हीकडे चालू राहिले. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल त्याच मार्कला बोलावून घेतो आणि तो उपयोगी असल्याचे सांगतो. वेगळे झाले, तरी परतीचा दरवाजा बंद केला नाही.

महाराष्ट्रातले उदाहरण टिळक दांपत्याचे. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे दोघे एकत्र आले, तेही लक्ष्मीबाई हिंदू असतानाच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला, त्यांना स्वतःला पटल्यावर झालेला. घर पुन्हा जुळायला आधी मत जुळावे लागले नाही.

मग वागायचे कसे? मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम घालून दिला आहे. भावाने अपराध केला, तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा. त्याने ऐकले नाही, तर एकदोघांना सोबत ने. तरीही ऐकले नाही, तर मंडळीपुढे मांड. आपण हा क्रम उलटा चालवतो: आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग पंचकमिटी, मग कोर्ट, ज्याच्याशी बोलायचे तो मात्र शेवटपर्यंत अनभिज्ञ!

एक इशारा द्यायलाच हवा. घरात मार खाणाऱ्या बाईला 'एकांतात समजाव, क्षमा कर' असे सांगणे म्हणजे या वचनाचा गैरवापर आहे. तिथे आधी तिची सुरक्षितता, आणि गरज पडेल तिथे पोलीस. हा क्रम भावाला परत मिळवण्यासाठी आहे, अन्याय लपवण्यासाठी नव्हे.

तेव्हा विनंती एवढीच. ज्याच्याविषयी मनात राग आहे, त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलण्याआधी त्याच्याशी बोला. त्याला पटेलच असे नाही. पण तुमचे म्हणणे त्याला दुसऱ्याच्या तोंडून तरी कळणार नाही.