लिफ्टचा खर्च आणि सरकारी दवाखाना
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी संमेलनातील भाषण)



मला विषय दिलाय, 'सरकारी आरोग्यसेवा : गरज की बोजा?' मी डॉक्टर नाही. हडपसरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पगारपत्रकं केली. त्यामुळे या विषयाकडे मी हिशेबाच्या वहीतूनच बघणार, हे आधीच सांगतो.

सुरुवात आपल्या लिफ्टपासून करू. जुन्या सभासदांना २००३ची वार्षिक सभा आठवत असेल. रात्री अकरापर्यंत चालली होती. तळमजल्यावरच्या एका काकांचं म्हणणं होतं, "मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, मग दुरुस्तीचे पैसे का देऊ?" शेवटी सेक्रेटरींनी उपविधी वाचून दाखवले. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा, कोणी वापरो अथवा न वापरो. काकांनी कुरकुरत पैसे दिले. पुढे त्यांच्याच मुलानं चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि आता नातवाला खेळवायला काका रोज लिफ्टनं वर जातात. काका हसतायत, म्हणजे राग गेलेला दिसतोय!

सरकारी दवाखान्याचा वाद हा याच वादाचा मोठा भाऊ आहे. संध्याकाळी बाकावर आपण तो रोज घालतो. एक बाजू म्हणते, टॅक्स आम्ही भरायचा आणि उपचार दुसऱ्यांनी घ्यायचे. वर फुकट म्हटलं की गर्दी होते, औषधं संपतात, दर्जा घसरतो. दुसरी बाजू म्हणते, आजारपण काय सांगून येतं?

पहिल्या बाजूचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. फुकट काहीच नसतं. कोणीतरी भरतंच. प्रश्न एवढाच की आधी सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं, की आजारी पडल्यावर एकट्यानं सगळं भरायचं? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली देशात आरोग्यावर होणाऱ्या शंभर रुपयांतले चौसष्ट लोक स्वतःच्या खिशातून घालत होते. २०२१-२२ पर्यंत ते एकोणचाळीसवर आले. सुधारणा आहे, पण अजून पुष्कळ आहे. २०१७च्या आरोग्य धोरणात सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं होतं. २०२१-२२ साली तो दोन टक्क्यांच्याही आतच होता.

आता माझ्या घरचा हिशेब. २०१६ साली सौभाग्यवतींची अँजिओप्लास्टी झाली, एका खासगी रुग्णालयात. मेडिक्लेम होता. पण खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून बाकीच्या बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागली. पीएफमधून पैसे काढले. आमचं रेशनकार्ड पांढरं, त्यामुळे सरकारी योजनेत तेव्हा बसत नव्हतो. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. आमच्या बिलातला आकडा याच्या कितीतरी पट होता. वस्तू तीच. त्या दिवशी पेपर वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. सरकार म्हणजे नुसता दवाखाना नव्हे, भावाला लगाम घालणाराही कोणीतरी लागतो, हे मला तेव्हा कळलं.

सरकारी रुग्णालयं बंद करून नुसती कार्डं वाटा, असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ९ मार्च २०२० आठवा. राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले आणि त्यांना नेलं महापालिकेच्या नायडू रुग्णालयात. साथीच्या रोगांसाठी वेगळं रुग्णालय वर्षानुवर्षं सांभाळणं हा वहीत खर्चच दिसतो. आपण जिन्यातली आग विझवायची नळकांडी दर वर्षी भरून घेतो, तसाच. पंचवीस वर्षांत आपण एकही वापरलं नाही. म्हणून कोणी काढून टाका म्हणालं का?

आता जे सांगणार आहे ते सांगायला जरा जड जातंय. २०१८ मध्ये मी संस्थेचा खजिनदार होतो. आपले तेव्हाचे रात्रपाळीचे वॉचमनमामा टाकीच्या शिडीवरून पडले, हात दोन ठिकाणी मोडला. आपण वर्गणी काढली, सगळ्यांनी सढळ हातानं दिली. पण मामांच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे पैसे कापले जात होते. चौकशी केली तेव्हा कळलं की कंत्राटदारानं त्यांची नोंदणीच केली नव्हती. कामगार विम्याचं रुग्णालय आपल्या याच बिबवेवाडीत आहे. मामांचे उपचार तिथे झाले असते. कामावर अपघात झाला म्हणून घरी बसल्या दिवसांचा नव्वद टक्के पगार मिळाला असता. त्याऐवजी ते चार महिने बिनपगारी राहिले आणि मग गावी गेले, ते परत आले नाहीत.

एकतीस वर्षं मी कारखान्यात हीच कपात केली. दर महिन्याला चलन तपासून सही केली. आणि इथे, स्वतःच्या संस्थेत, कंत्राटदाराच्या बिलावर सही करताना एकदाही विचारलं नाही की नोंदणी क्रमांक कुठाय? चूक कंत्राटदाराची होतीच. पण सही माझी होती.

हिशेब किती छोटा आहे बघा. आज ईएसआयला कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. चौदा हजार पगार धरला तर मामांचे १०५ रुपये आणि मालकाचे ४५५. आपले छप्पन्न फ्लॅट. तो मालकाचा वाटा आपल्या बिलात धरला तरी घरटी महिन्याला आठ रुपये आणि काही पैसे. याला आपण बोजा म्हणायचं?

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त दोनच गोष्टी मागतो. एक, कंत्राटदाराचं बिल देण्याआधी वॉचमन आणि सफाईच्या बायका, सगळ्यांचे ईएसआय क्रमांक आणि भरलेलं चलन कमिटीनं बघावं. क्रमांक नाही, तर चेक नाही. दोन, सत्तरीपुढच्या सगळ्यांनी आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घ्यावं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार त्यात बसतात. मी काढलंय. मात्र आपलं जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे ते आधीच विचारून ठेवा, रात्री दोन वाजता फोन करत बसू नका. बाकावर सरकारी योजनांना नावं ठेवणारे आमचे दोन मित्रही परवा आधार कार्ड घेऊन रांगेत माझ्या मागेच उभे होते. नावं सांगत नाही!

रांग मोठी होती, पंखा बंद होता. त्याबद्दल तक्रार जरूर करू या. लिफ्ट बंद पडली की आपण तक्रार करतो, दुरुस्त करून घेतो. लिफ्टच काढून टाका असं कोणी म्हणत नाही.

जेवण तयार आहे असा निरोप आलाय, तेव्हा थांबतो.