गणितात विशेष प्रावीण्य कसे मिळवावे?



डहाणू-तलासरी म्हटले की चिकूच्या वाड्या, वारली चित्रे आणि कोसबादची टेकडी डोळ्यांपुढे येते. गणित काही कोणास आठवत नाही. वस्तुतः ते आठवावयास हवे. ६१७४ ही संख्या ज्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते, त्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नाही. अनेक विद्वानांनी त्यांच्या संख्याशोधांना किरकोळ करमणूक मानले. परंतु १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या अमेरिकेतील प्रसिद्ध सदरातून त्यांची ओळख करून दिली आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव सर्वदूर गेले.

त्यांची कृती चौथीच्या मुलासही करता येईल. चार अंकी संख्या घ्यावी; मात्र चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि जे उरेल त्यावर पुन्हा हीच कृती करावी. पालघर जिल्हा २०१४ साली झाला, तेव्हा तीच संख्या घेऊ. ४२१० मधून ०१२४ वजा जाता ४०८६ उरतात. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. मग कितीही वजाबाक्या केल्या तरी ६१७४च. कोणतीही संख्या घेतली तरी सातापेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत.

परीक्षार्थीने येथे एक गोष्ट न्याहाळावी. वरील प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज १८ किंवा २७ आहे, म्हणजे प्रत्येक उत्तरास नवाने भाग जातो. तेच अंक उलटसुलट मांडून वजा केल्यावर दुसरे काही होणे शक्य नाही. तेव्हा एखाद्या पायरीत हातचा चुकला आणि उत्तरास नवाने भाग गेला नाही, तर चूक तेथल्या तेथे उघडी पडते. शिक्षकाची वाट पाहावी लागत नाही.

बारावीच्या गणितात उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी आणि साठ-पासष्टांवर अडखळणारा विद्यार्थी यांच्यात फरक पडतो तो बहुधा या पडताळ्याच्या सवयीने. प्रकरणे दोघांचीही झालेली असतात. संकलनाचे उत्तर आले की त्याचे विकलन करून पाहावे. मूळ फल परत मिळाले पाहिजे. व्यस्त सारणी काढली की तिला मूळ सारणीने गुणावे. एकक सारणी यावयास हवी. समीकरणाची उकल मूळ समीकरणात घालावी. रेषीय प्रायोजनात प्रत्येक कोनबिंदू सर्व अटींत बसतो की नाही ते पाहावे. यास प्रत्येकी मिनिट-दोन मिनिटे लागतात. ती तीन तासांच्या परीक्षेत सापडावयाची तर वर्षभर प्रश्न घड्याळ लावून, पुस्तक मिटून सोडविलेले असले पाहिजेत. सोडविलेली उदाहरणे नुसती वाचीत जाणे हा अभ्यास नव्हे, तो अभ्यासाचा भास आहे.

लेखी परीक्षा ८० गुणांची आणि प्रात्यक्षिक २० गुणांचे. प्रात्यक्षिकाची वही वेळच्या वेळी पुरी करणे यात बुद्धीचा प्रश्नच नाही. लेखी परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात. म्हणून सूत्र लिहावे, किमती घालाव्यात, मग उत्तर. हुशार मुले मनातल्या मनात दोन पायऱ्या गाळतात आणि नेमके तेथेच गुण गमावतात.

हे सर्व कोठल्याही विद्यार्थ्यास लागू आहे. परंतु या दोन तालुक्यांतील मुलामुलींपुढे आणखी दोन अडचणी आहेत. पहिली भाषेची. वारली घरातील मूल घरची बोली घेऊन शाळेत येते, मराठीत 'वर्गसमीकरण' आणि 'अंकगणिती श्रेढी' शिकते आणि अकरावी विज्ञान शाखेत जाताच त्याच गोष्टी 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' आणि 'ॲरिथमेटिक प्रोग्रेशन' होऊन समोर उभ्या राहतात. गणित येत असूनही प्रश्न समजत नाही आणि मूल स्वतःस मठ्ठ समजू लागते. यावर उपाय साधा आहे. दहावीच्या सुट्टीतच एक वही करावी. डाव्या बाजूस मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत आणि रोमन लिपीत, खाली एक उदाहरण. अकरावीच्या शिक्षकांनी पहिले काही तास या वहीस दिले तर ते वाया गेले असे कोणी म्हणू नये. बोर्डीस आरंभ करून पुढे कोसबादला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, बिया, शिंपले घेऊन मुलांस शिकविले ते याच धोरणाने : जे मुलाच्या हाताशी आहे तेथून आरंभ करावयाचा.

दुसरी अडचण अधिक कठीण. पावसाळी शेती आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामावर जातात. इतर विषयांतील सुटलेला धडा मागाहून वाचता येतो. गणितात विकलन सुटले की संकलन कळत नाही, आणि संकलन सुटले की विकलक समीकरणे गेली. शिवाय अभियांत्रिकीच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांस असतात व त्यांतील सुमारे पाचवा भाग अकरावीचा असतो. तेव्हा अकरावीच्या दिवाळीनंतर बुडालेले चार महिने दोन ठिकाणी भोवतात. अशा कुटुंबांतील मुलांची वसतिगृहाची सोय जूनमध्येच पाहावयास हवी. डहाणूस एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तेथे पालकांबरोबर शाळेतील कोणी गेले तर काम सुकर होते. ज्यांना जावेच लागते त्यांच्याबरोबर पाठ्यपुस्तक, संज्ञांची वही आणि रोजची पाच उदाहरणे नेमून दिलेला कागद जावा. पाचच, परंतु पडताळ्यासह. परत आल्यावर शिक्षकाने प्रथम त्या वहीतील पडताळे पाहावेत. मूल कोठे अडले ते तेथे दिसेल, आणि पुढचे शिकविणे तेथूनच सुरू करता येईल.