घोरणे, कोंडणारा श्वास आणि दंतवैद्य



घोरणाऱ्या माणसाविषयी आपल्या समाजात थट्टा पुष्कळ आहे, चिंता मात्र फारशी नाही. एखादा गृहस्थ रात्रभर घोरत असला, तर त्याला किती गाढ झोप लागली आहे याचे कौतुक होते. फार तर त्याला कुंभकर्णाची उपमा मिळते आणि विषय हसण्यावारी नेला जातो. घरातील माणसे आपले अंथरूण दुसऱ्या खोलीत नेऊन स्वतःची सोय पाहतात. परंतु मोठ्याने घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे. कित्येकदा ते झोपेत श्वास कोंडत असल्याचे लक्षण असते. या विकारास वैद्यकशास्त्रात 'स्लीप ॲप्निआ' म्हणतात. ॲप्निआ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ श्वासाचा अभाव. मराठीत या विकारास 'निद्राश्वासरोध' असे म्हणता येईल. हा विकार कसा जडतो, तो कसा ओळखावा आणि त्याच्या उपचारात दंतवैद्याचे साहाय्य कितपत होऊ शकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम श्वासमार्गाची रचना ध्यानात घेतली पाहिजे. नाकाला हाडांचा व कूर्चेचा आधार आहे. खाली श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. या दोहोंच्या मधला घशाचा भाग मात्र मऊ असून तो मुख्यतः स्नायूंच्या बळावर उघडा राहतो. जागेपणी हे स्नायू सावध असतात. झोप लागली की ते सैल पडतात. विशेषतः माणूस उताणा निजला असता जीभ मागे घसरते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ खाली लोंबते आणि वाट अरुंद होते. अशा अरुंद वाटेने हवा जाताना मऊ भाग थरथरतात. त्या थरथरीचा आवाज म्हणजेच घोरणे. प्रत्येक घोरणाऱ्याला हा विकार असतोच असे नाही. परंतु ज्याची वाट पूर्णपणे मिटते, त्याचा आवाज एकाएकी थांबतो. छाती हवा ओढण्याची धडपड करीत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू कमी होऊ लागतो. मग मेंदू धोका ओळखून त्या माणसास अर्धवट जागे करतो. मोठा हुंकार देऊन अथवा गुदमरल्यासारखे करून तो श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही.

श्वास किमान दहा सेकंद थांबला, तर वैद्यकशास्त्र तो एक श्वासरोध मानते. श्वास पूर्ण न थांबता बराच मंदावला आणि त्यामुळे प्राणवायू घटला किंवा झोप मोडली, तर तोही प्रसंग हिशेबात धरतात. प्रौढांमध्ये असे प्रसंग तासाला पाच ते पंधरा असले तर विकार सौम्य, पंधरा ते तीस असले तर मध्यम आणि तिसापेक्षा अधिक असले तर तीव्र समजला जातो. तासाला तीस वेळा ज्याचा श्वास असा अडतो, त्याची सात तासांची झोप दोनशे दहा वेळा मोडते. असा माणूस अंथरुणात सात तास असला, तरी त्याला विश्रांती मिळाली असे म्हणता येत नाही.

या मोडक्या झोपेचे परिणाम दिवसा दिसतात. सकाळी डोके जड असते, तोंडाला कोरड पडलेली असते, रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागते. कामात लक्ष लागत नाही, विसरभोळेपणा वाढतो, स्वभाव चिडखोर बनतो. कचेरीत बसल्या बसल्या डुलकी लागते. असा मनुष्य वाहन चालवीत असेल, तर त्या डुलकीची किंमत त्याला स्वतःला, त्याच्यामागे बसलेल्या उतारूंना आणि रस्त्यावरून जाणाऱ्या निरपराध माणसालाही मोजावी लागते. वारंवार प्राणवायू कमी झाल्याने हृदयावर व रक्तवाहिन्यांवर ताण पडतो. औषधे घेऊनही उतरत नसलेल्या रक्तदाबामागे पुष्कळदा हाच विकार आढळतो.

हा विकार केवळ परदेशातील किंवा श्रीमंतांचा आहे, असाही एक समज आहे. मुंबईत नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत शेकडा साडेसात पुरुषांना दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार असल्याचे अनुमान निघाले. हे पुरुष आजारी म्हणून आलेले नव्हते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. स्थूल शरीर आणि जाड मान ही या विकाराची नेहमीची कारणे होत. तथापि सडपातळ माणसासही तो होऊ शकतो. ज्याचा खालचा जबडा लहान किंवा मागे सरलेला आहे, त्याच्या जिभेला मुळातच जागा अपुरी असते. स्त्रियांमध्ये ऋतुनिवृत्तीनंतर या विकाराचे प्रमाण वाढते.

रोगाचे मूळ न ओळखल्यामुळे उपचार भलत्याच दिशेने होतात. थकवा येतो म्हणून शक्तिवर्धक औषध घेतले जाते. झोप नीट होत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा रात्री मद्य घेतले जाते. मद्याने आणि अनेक गुंगी आणणाऱ्या औषधांनी घशाचे स्नायू अधिकच सैल पडतात आणि श्वास अधिक कोंडतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार होय. येथे तर बंबात पाण्याऐवजी तेलच भरलेले असते.

आता दंतवैद्याचा या साऱ्याशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. पहिला संबंध नजरेचा आहे. तोंड उघडून जीभ, टाळू, गलग्रंथी आणि जबडा यांचे दर्शन दंतवैद्याला रोज घडते. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटलेले असणे, रात्री दात खाल्ल्यामुळे ते झिजलेले असणे, टाळू उंच व अरुंद असणे, घशाची कमान जिभेमागे दडलेली असणे, या खुणांनी त्याच्या मनात शंका येऊ शकते. या खुणा म्हणजे रोगाचा पुरावा नव्हे. परंतु दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसास 'आपण घोरता काय, दिवसा झोप येते काय' असे दोन प्रश्न विचारून योग्य वैद्याकडे पाठविण्यास त्या पुरेशा आहेत.

दुसरा संबंध प्रत्यक्ष उपचाराचा आहे. बेशुद्ध माणसाचा खालचा जबडा पुढे ओढून त्याचा श्वासमार्ग मोकळा करावा, हे प्रथमोपचाराच्या वर्गात शिकविले जाते. जीभ जबड्याला जोडलेली असल्यामुळे जबडा पुढे आला की जीभही पुढे येते. हेच तत्त्व येथे उपयोगी पडते. पियेर रोबें या फ्रेंच दंतवैद्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच लहान जबड्याच्या मुलांसाठी जबडा पुढे आणणारे साधन योजिले होते. आज प्रौढ रुग्णांसाठी दंतवैद्य वरच्या व खालच्या दातांचे माप घेऊन दोन पट्ट्या तयार करवितो. निजताना त्या दातांवर बसविल्या की खालचा जबडा किंचित पुढे धरला जातो. आरंभी जबडा जेवढा पुढे येऊ शकतो, त्याच्या साधारण निम्म्यावर तो ठेवतात आणि पुढे काही आठवडे अगदी थोडा थोडा पुढे सरकवितात. म्हणून हे काम एका भेटीत उरकत नाही. बाजारात मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून दातांवर दाबण्याची पट्टी ही मापाने केलेल्या साधनाची बरोबरी करू शकत नाही.

या उपचाराची योग्यता व मर्यादा दोन्ही समजून घेतल्या पाहिजेत. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली नाकावरील मुखवट्यातून दाबाखालची हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिलाच 'सीपॅप' म्हणतात. श्वासरोध थांबविण्यात ही पद्धत आजही सर्वांत प्रभावी आहे आणि तीव्र विकारात तिलाच प्राधान्य दिले जाते. परंतु रोज रात्री मुखवटा लावून निजणे पुष्कळांना जमत नाही आणि यंत्र कपाटात पडून राहते. दंतवैद्याचे साधन श्वासरोध तितका कमी करीत नाही, मात्र लोक ते अधिक नियमाने वापरतात. अमेरिकेतील निद्रावैद्यक व दंतवैद्यक क्षेत्रांतील दोन संस्थांनी २०१५ साली संयुक्त मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार, ज्यांना यंत्र सोसत नाही किंवा जे दुसरा मार्ग पसंत करतात, अशा प्रौढांना हे साधन देणे उचित ठरते.

साधन बसविण्यासाठी पुरेसे व घट्ट दात हवेत आणि हिरड्या निरोगी हव्यात. बोळक्या तोंडाच्या वृद्धास ते सहसा बसत नाही. आरंभी लाळ सुटणे, तोंड कोरडे पडणे, सकाळी जबडा दुखणे असे त्रास होतात व बहुधा ते कमी होत जातात. वर्षानुवर्षांच्या वापराने दात थोडे सरकून चावण्याची ठेवण बदलू शकते. यास्तव दंतवैद्याकडे ठरावीक मुदतीने जाणे आवश्यक आहे. रोगापेक्षा इलाज भयंकर होऊ नये, याची ही काळजी होय.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. निदान आधी, साधन नंतर आणि त्यानंतर पुन्हा तपासणी, हा तो क्रम. रोगाचे निदान वैद्याने निद्रापरीक्षेच्या आधारे करावयाचे असते. या परीक्षेत झोपेतील श्वास, प्राणवायू व हृदयाचे ठोके यांची नोंद होते. ती रुग्णालयात होते आणि काही रुग्णांच्या बाबतीत घरीही करता येते. ही परीक्षा न करता केवळ घोरणे थांबावे म्हणून साधन बसविले, तर आवाज बंद होईल आणि श्वास मात्र पूर्वीसारखाच कोंडत राहील. घरच्यांना समाधान वाटेल, पण दुखणे आतल्या आत वाढत जाईल. साधन बसल्यावरही त्याने खरोखर काम होते की नाही, हे पुन्हा परीक्षा करूनच कळते. वैद्य आणि दंतवैद्य यांनी हातात हात घालून करावयाचे हे काम आहे. गोव्यात बांबोळीलाच वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९८० साली स्थापन झालेले दंत महाविद्यालयही तेथेच आहे. ग्रामीण रुग्णाने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास प्रथम भेटून त्यांच्या सल्ल्याने पुढे जावे, हे श्रेयस्कर. साधन करून घेताना दंतवैद्य कायद्याने नोंदणी झालेला आहे, याचीही खात्री करून घ्यावी.

शिक्षकवर्गाने एका गोष्टीकडे लक्ष पुरवावे. मुलांमध्ये या विकाराचे नेहमीचे कारण म्हणजे वाढलेल्या गलग्रंथी आणि नाकामागील ग्रंथी. असे मूल तोंड उघडे टाकून श्वास घेते, रात्री घोरते, अंथरूण ओले करते. दिवसा ते पेंगते किंवा उलट अतिशय चंचल व हूड बनते. त्याला आळशी किंवा व्रात्य ठरवून छडी मारण्यापूर्वी, ते रात्री कसे झोपते हे त्याच्या आईला विचारावे. मुलांच्या बाबतीत नाक-कान-घशाच्या वैद्याचा सल्ला प्रथम घ्यावा लागतो आणि अनेकदा ग्रंथींच्या शस्त्रक्रियेने मूल सुधारते. टाळू अरुंद असल्यास तो रुंद करण्याचे काम दंतवैद्य करू शकतो.

वजन आटोक्यात ठेवणे, रात्री मद्य टाळणे, कुशीवर निजणे हे उपाय प्रत्येकाने स्वतः करावयाचे आहेत. परंतु हा विकार ज्याला असतो, त्याला तो स्वतःला दिसत नाही. त्याची खरी साक्षीदार त्याची पत्नी, आई किंवा शेजारी निजणारे भावंड असते. घोरणे एकाएकी थांबते काय, त्यानंतर गुदमरल्यासारखा आवाज येतो काय, एवढे घरच्या माणसाने एक-दोन रात्री लक्षपूर्वक पाहावे आणि रुग्णाबरोबर वैद्याकडे जाऊन ते सांगावे. घोरणाऱ्याला हसण्याऐवजी त्याच्या श्वासाकडे घराने कान दिला, तर पुष्कळ संसारांवरचे संकट वेळीच टळेल.