दुसऱ्या आवृत्तीचा मान



मोरया गोसावींच्या समाधीने पावन झालेल्या चिंचवडपासून, फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली शायिस्तेखानाविरुद्ध झुंजविलेल्या चाकणच्या किल्ल्यापर्यंत पसरलेल्या या उद्योगभूमीत, स्वागतसमितीच्या वतीने मी आपणा तंत्रप्रमुखांचे मनःपूर्वक स्वागत करतो. 1954 साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को व बजाज आले आणि भोसरीच्या गाळ्यागाळ्यांत लेथ फिरू लागले, हे आपणांस अवगतच आहे. मला बोलावयाचे आहे ते एका मोटारीविषयी.

1998 साली टेल्कोने इंडिका आणली. ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री खरेदी करून, ती समुद्रमार्गे आणून येथे उभारण्याच्या त्या साहसाचे देशभर कौतुक झाले, ते यथायोग्यच होते. परंतु पहिल्या ग्राहकांच्या तक्रारींचा ओघ सुरू झाला, तेव्हा अभियंत्यांना एकेका दोषाचा माग काढीत बसावे लागले, आणि 2001 साली आलेल्या इंडिका व्ही-टूने त्या मोटारीची पत सावरली. माझ्या मते या कारखान्याचे मोठेपण पहिल्या मोटारीपेक्षा काकणभर अधिक या दुसरीत आहे.

तथापि केवळ डागडुजीवर विसंबणेही घातकच. 1972 साली आलेल्या बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. पण ग्राहक मोटारसायकलीकडे वळला, आणि 2009 साली बजाजने स्कूटरनिर्मिती थांबविण्याचे जाहीर केले. तोवर 2001 सालच्या पल्सर मोटारसायकलीने कंपनीस नवी वाट दाखविली होती, म्हणून निभावले.

तंत्रप्रमुखाची खरी अडचण अशी की, जुन्याची सुधारणा आणि नव्याची निर्मिती या दोन्ही कामांस लागणारी जाणती माणसे तीच आणि मोजकीच असतात. विजेवरील वाहनाच्या दरखास्तीस मंजुरी मिळताच ती तिकडे ओढली जातात. आणि फिक्स्चरचा टेकू थोडा सरकविल्यास रिजेक्शन घटेल असे सांगणाऱ्या रात्रपाळीच्या कामगाराची सूचना, तिचा लाभ पैशापैशाने होणारा असल्यामुळे, दफ्तरात पडून राहते. हा अन्याय मला फार बोचतो.

उद्या आपण कारखाने पाहावयास जाल, तेव्हा प्रयोगशाळा अवश्य पाहा. पण पाळी बदलण्याच्या सुमारास असेंब्ली लाइनवर थांबून, गेल्या महिन्यात येथे काय बदलले आणि ते कोणी सुचविले, एवढे आवर्जून विचारा. मिळालेली उत्तरे परवाच्या चर्चासत्रात मांडावीत. त्यासाठी समितीने सकाळचा पूर्ण वेळ राखून ठेवला आहे.